कोपरा फाटलेलं कार्ड

वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या गावाची जुनी पिक्चर पोस्टकार्डं इतकी देखणी होती, की पहिलं कार्ड हातात आलं तेव्हा मी यांना विचारलं, "हे कुठे आहे हो? रविवारी जाऊ या का?" कप खाली न ठेवता हे म्हणाले, "मागच्या दारी जा आणि बघ." मागच्या दारी डोंगर होता खरा, पण कोळशासाठी त्याचं डोकं उडवलेलं. उरलं होतं ते करड्या मातीचं सपाट पठार. रोज दुपारी चारला सुरुंग लागायचा आणि माझ्या ओट्यावरच्या वाट्या किणकिणायच्या.

ही २००२ सालची गोष्ट. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आज ती बाई समोर आली, तर मी आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, मग चहा विचारीन. हे गावच्या दवाखान्यात डॉक्टर होते, एकुलते एक. मिशिगनमधल्या नोव्हायची माझी मैत्रीण फोनवर "पॉटलक कॅन्सल झालं यार" म्हणून हळहळायची. आमच्या गावात पॉटलकची अंगतपंगत करायची तर दोन्ही पदार्थ मलाच करावे लागले असते.

आई अमरावतीला, दादा-वहिनींकडे. तिचे कान पार गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. घरातले तिच्याशी पाटीवर लिहून बोलायचे. भिंग घेऊन वाचायची मात्र अधाशासारखी. म्हणून मी तिला दर महिन्याला एक कार्ड पाठवायची.

कार्डं मिळायची बंद पडलेल्या एका पेट्रोलपंपात. तिथे एक म्हातारी जुनं सामान विकत बसायची. बुटांच्या खोक्यात साठ वर्षांपूर्वीची कार्डं दाटून भरलेली. मूळ फोटो काळेपांढरे, वरून कुणीतरी रंग दिलेले. रंगवणाऱ्यानं ते डोंगर पाहिले असतील असं वाटत नाही. डोंगर निळेजांभळे, आकाश राणी रंगाचं, रस्त्याला पांढरं कुंपण, आणि त्यावरून जाणारी एकच लाल मोटार. प्रत्येक कार्डावर तीच मोटार. चोरून आणल्यासारखी.

म्हातारीनं एकदा एका कार्डावर बोट ठेवलं. "हे आमचं घर. हा मागचा आमचा डोंगर. आता बघायचा तर इथेच." मी मनात म्हटलं, काय बाई तरी, डोंगरासाठी कुणी रडतं का! धपाटा नंबर दोन.

कार्डाच्या पाठीवर मी थापा लिहायची. 'काल या टेकडीवर डबा घेऊन गेलो होतो.' 'हे हॉटेल घरापासून दहा मिनिटांवर. सूप बरं मिळतं.' ते हॉटेल माझ्या जन्माआधी जळून गेलं होतं. आईचं उत्तर दर वेळी तेवढंच यायचं: 'डोंगर छान. तू कधी येतेस?'

तेच तर सांगता येत नव्हतं. ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते. दोन हजार एकच्या हल्ल्यांनंतर सगळ्याच कागदांना जास्त वेळ लागायला लागला होता. वकील म्हणाला होता, आत्ता गेलात तर परत येण्याची खात्री नाही. आई ऐंशीची होती. तिला मला एकदा बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

त्या सप्टेंबरात म्हातारीनं मला काही कार्डं फुकट दिली. कुणीतरी ती अल्बममध्ये चिकटवली होती, काढताना कोपरे फाटले होते. "हनी, ही कोण घेणार? ने तूच." फुकट म्हटल्यावर मी कोपऱ्यांकडे कशाला बघते! त्यातलं सगळ्यांत निळं कार्ड निवडलं, लिहिलं, 'यंदाही दिवाळीला येणार नाही. पुढच्या वर्षी नक्की', आणि टाकलं पेटीत.

अमरावतीत जन्मलेल्या बाईला हे कळू नये? आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाटलेला असला, की कुणीतरी गेलं. ते कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. आजीच्या वेळची तशी कार्डं मी स्वतः पाहिली होती. पण परक्या देशातल्या डोंगराला आपली रीत लागू होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पोस्टमन जुना होता. त्यानं मजकुराकडे बघितलं नाही, कार्ड उलटं धरलं आणि आईला खुणेनं अंगणातच बोलावलं. आईनं फक्त तिकीट आणि कोपरा पाहिला. भिंग आत होतं. तिनं तिथेच कार्डाचे तुकडे केले, नालीत टाकले आणि नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं.

आमच्याकडे सकाळ होती. दादाचा फोन आला.

"कोण गेलं?" त्याचा आवाज चिरका झाला होता.

"हे गेले."

तिकडे वहिनीनं हंबरडा फोडला.

"कधी गं?"

"आत्ताच, सातला."

"पण असं अचानक, कसं काय?"

"अचानक कुठे? रोजच्यासारखे. डबा मात्र विसरले बघ."

दादा हळूच म्हणाला, "डबा?"

आम्ही इतके हसलो, की वहिनीला उचकी लागली. हसणं संपल्यावर दादा म्हणाला, "आईला काय सांगू?"

त्यानं पाटीवर लिहिलं, 'सगळे बरे आहेत.' आईनं वाचलं आणि पाटी परत दिली. "म्हाताऱ्या माणसाला सांगत नाहीत, मला माहीत आहे. धाकटे भावजी गेले तेव्हा मीही सासूबाईंना सांगितलं नव्हतं. वर्षभर त्यांची पत्रं मीच लिहिली." तिनं नालीच्या कडेला अडकलेला एक तुकडा आणून वाळवला होता. एका बाजूला निळा डोंगर, दुसरीकडे दोनच शब्द: 'येणार नाही'.

दादा लिहून लिहून थकला. हे तिचंच अक्षर आहे, बघ ना! आई म्हणाली, "अक्षर कुणाचंही असो, मजकूर खरा आहे."

मी जिवंत आहे हे तिला पटावं म्हणून मी फोटो पाठवले. ती म्हणाली, जुने आहेत. चारही कोपरे धड असलेली कार्डं पाठवली. ती म्हणाली, सून लिहिते, बिचारी. आणि नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची ती अविधवा नवमी आली, तेव्हा तिनं माझ्या नावानं सवाष्ण जेवू घातली. एकदा नाही, लागोपाठ दोन वर्षं. सवाष्ण म्हणजे आमची वहिनी.

"वन्सं, पुरण काय सुरेख झालं होतं!"

"साडी कोणती दिली आईनं?"

"मोतिया रंगाची."

"शी! मला नाही आवडत तो रंग."

"तुम्हाला कुठे नेसायची होती?"

आता खरं सांगते. ग्रीन कार्ड दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये आलं, आणि मी गेले ऑक्टोबरात. मधले सहा महिने नवा ओटा बसवत होते. ग्रॅनाइटचा रंग ठरत नव्हता. यांनी दोनदा विचारलं, "अगं, आईकडे?" मी म्हटलं, एवढं होऊ द्या. इथे धपाटा पुरत नाही.

आई पलंगावर घडी घातलेल्या लुगड्याएवढी उरली होती. मी हात धरला. तिनं मला बराच वेळ पाहिलं.

"आलीस?"

मी मान हलवली.

"म्हणजे मीही गेले म्हणायची," ती म्हणाली. घाबरली वगैरे नाही. उलट जरा सुटल्यासारखी.

मी पाटी ओढून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आई, मी जिवंत आहे.' तिनं भिंग लावून वाचलं आणि लहान मुलीकडे बघून हसावं तशी हसली. "इथेही पाट्या आहेत वाटतं."

मग उशीखालून तिनं माझ्या कार्डांचा गठ्ठा काढला. वर तो निळा तुकडा होता. "हेच ना डोंगर? इथलेच?"

पेन्सिल माझ्या हातात होती. 'नाही' असं लिहिलं असतं, तर पुढे सगळंच लिहावं लागलं असतं: डोंगर नाहीत, हॉटेल नाही, डबा घेऊन कुणी कुठे गेलं नव्हतं, आणि मी सहा महिने दगड निवडत होते. मी लिहिलं, 'हो.'

"मग रविवारी जाऊ या," आई म्हणाली.

ती रविवारपर्यंत थांबली नाही.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी चारला सुरुंग लागला. नव्या ग्रॅनाइटवर वाट्या जास्तच वाजल्या. मी मागचं दार उघडून पाहिलं. मी नव्हते तेवढ्यात शेजारची टेकडीही गेली होती.