सात वर्षांनी मोडलेला नियम

बिरप्पा पुजारी सोलापूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत आणि उरलेला सगळा जीव संख्यांवर टाकत. ठरावीक घडणीच्या विषम संख्या एक नियम कधीच मोडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते सिद्ध करण्यात सात वर्षं गेली. भाजीला जावं आणि रिकामी पिशवी हलवत परत यावं, या त्यांच्या सवयीवर अख्खी शुक्रवार पेठ हसायची.

१९७६च्या हिवाळ्यात सिद्धता एकदाची पुरी झाली. ती तपासायला कोल्हापूरहून त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक रावसाहेब घाटगे आले. ते मार्चमध्ये निवृत्त होणार होते, म्हणजे आता नाही तर पीएच.डी. कधीच नाही. इकडे बिरप्पांच्या बायकोला, मल्लव्वाला, कुठला दम निघतोय! तिनं गल्लीभर जेवणाचं सांगून सकाळीच पुरण घातलं.

कॉलेजच्या फळ्यावर सिद्धता निम्मी झाली तसे रावसाहेब म्हणाले, "एखादी मोठी संख्या घेऊन दाखवा बरं."

बिरप्पांनी मनात आली ती घेतली. भागाकार करता करता हात थांबला. पुन्हा केला. रावसाहेबांनीही केला. नियम साफ मोडला होता.

रावसाहेब सांत्वनाला शब्द शोधत होते, तेवढ्यात बिरप्पा खो खो हसू लागले. इतकी गोड संख्या त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"सर, सात वर्षं लपून बसली हुती की ही!"

"अहो, प्रबंध बुडाला तुमचा!"

"व्हय, बुडाला. चला, जेवायला चला."

दारातच मल्लव्वानं विचारलं, "झालं का वो?"

"मोडलं."

तिनं पदर खोचला. "आता पुरनाची काय परत डाळ हुतीय? बसा पानावर."

पंगत बसली. मास्तरांना काहीतरी सापडलंय, एवढंच गल्लीला कळलं होतं. तिसऱ्या पोळीला रावसाहेबांचा हात मध्येच थांबला. "बिरप्पा, ही एकटीच मोडते, की हिच्या बहिणीही आहेत?"

"असनार की सर! एवढ्या मोठ्या घरात एकटी कशी ऱ्हाईल?"

झालं! दोघंही उष्ट्या बोटांनी ताटात आमटीचे आकडे काढू लागले. मल्लव्वा तुपाचं भांडं घेऊन ताटकळली. शेवटी रावसाहेबांनी मान वर केली.

"वहिनी, मी निवृत्त झालो तरी यांचं काम माझ्याकडंच राहील. नव्यानं मांडू. पुढच्या रविवारी परत येतो."

"या की," मल्लव्वा म्हणाली. "मग मोडलं कुटं?" आणि तिनं आकड्यांवरच तुपाची धार सोडली.