चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या तारकर्लीत तेव्हा धड रस्ता नव्हता, आणि आमच्या घरधन्यांना हवं होतं चाकांवरचं घर. तीस वर्षं ते आगबोटीवर आगवाले होते. म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा घालायचा. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी यायचे. तेवढ्यात लंडन, सिंगापूर, कोलंबो अशी नावं घेऊन अख्ख्या वाडीला गप्प बसवायचे आणि परत जायचे. मी मागे. मी जे जग पाहिलं ते मालवणच्या बाजारापासून कुडाळच्या बाजारापर्यंत.

एकोणीसशे अठ्ठावन्न-साठच्या सुमाराला ते कायमचे घरी आले. आले ते ट्रंकेतून एका विलायती मासिकातलं चित्र घेऊन. मोटारीच्या मागे जोडलेलं पांढरं घर, खिडक्यांना पडदे, आणि दारात एक गोरी बाई चहा ओतत उभी. कामंधामं नव्हती वाटतं तिला.

"गो, आपण अश्या घरात रवतलंव," हे म्हणाले. "वरीसभर फिरतलंव. पयलो मुक्काम तुझ्या भयणीकडे."

बहिणीचं नाव काढलं आणि मी विरघळले. माझी थोरली बहीण घाट चढून पलीकडे, आजऱ्याजवळ दिलेली. तिला भेटून चौदा वर्षं झाली होती. रामाचा वनवाससुद्धा तेवढ्यात संपला. मी म्हटलं, मग उद्याच निघूया. तर म्हणे, आधी गाडी निवडायची. चुकीची गाडी घेतली की जन्माची फजिती. झालं! गाडी निवडणं सुरू झालं आणि ते दोन वर्षं चाललं. तेवढ्या काळात लोक मुलींची लग्नं जमवून बाळंतपणंसुद्धा उरकतात.

सुरुवात बैलगाडीपासून. वरती चटईचं छप्पर घातलेली एक गाडी यांनी अंगणात आणवली आणि आत आडवे होऊन बघितलं. गुडघ्यांपासून खाली पाय बाहेर. "ह्यात पाय खंय पसरूचे?" असं बैलांनाच विचारत होते. शिवाय बैल कोळशावर चालत नाहीत, त्यांना रोज गवत लागतं आणि मनात आलं की वाटेत बसतात, हा शोध यांना त्या दिवशी लागला. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस!

मग एक जुनं मालवाहू गलबत. मालवणच्या धक्क्याजवळ चिखलात कलंडून पडलं होतं. हे घरी आले ते आनंदाने लालबुंद. स्वयंपाकाला जागा, झोपायला जागा, पाण्याचं पिंप, सगळं आहे म्हणे. मी शांतपणे विचारलं, "आजऱ्याक बंदर कधी झाला? माका कोणी कळवूक नाय." त्यावर दोन दिवस बोलले नाहीत. घर कसं निवांत होतं.

तिसरी मात्र खरी मोटार. कुडाळला एका गॅरेजच्या मागे खासगी सर्व्हिसची एक मोडीत काढलेली बस उभी होती. इंजिन चालू स्थितीत. हे मला ती बघायला घेऊन गेले, आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा चळले. बाकडी काढली की आत ऐसपैस जागा. इथे चूल, इथे पाटा-वरवंटा, मागच्या दारात तुळस, मसाल्याच्या बरण्या हलू नयेत म्हणून फळीला कठडा. मी उभ्या उभ्या संसार मांडून टाकला. त्या गोऱ्या बाईपेक्षा माझा चहा नक्की बरा झाला असता.

हे मात्र बसच्या खाली शिरले होते. बाहेर आले ते मान हलवत. तळाच्या फळ्यांना फटी आहेत. "खालसून पाणी इला तर?"

अहो, रस्त्यावर खालून पाणी आलं तर आपण आधीच खाडीत पडलेलो असू! पण बोटीवरच्या माणसाला कोण समजावणार? होड्या बांधणारा सुतार आणवला. फटींत काथ्या ठोकायचा, वर राळ आणि माशाचं तेल चोपडायचं, असं ठरलं. सुतार शहाणा, त्याने हसू दाबून मापं घेतली. मग यांना बस उंच वाटायला लागली. मग अरुंद. मग म्हणाले, पाणी भरायला खाली उतरावं लागेल, तर टपावर टाकी हवी. न्हाणी आत हवी. वर्षभराचे तांदूळ आत मावले पाहिजेत. मी म्हटलं, वाटेत बाजार लागतात. तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी यांना समुद्रात उडी मारायला सांगितली होती. शेवटी ती बस कोणीतरी भंगारात नेली. माझी तुळस, माझा कठडा, सगळंच गेलं.

आणि त्याच महिन्यात भाच्याचं पत्र आलं. मी चौथी शिकलेली, पत्र मीच वाचते. आईची दृष्टी जात चालली आहे, वैद्याने हात टेकले, आता अगदी जवळचं तेवढंच अंधुक दिसतं. ती म्हणते, मावशीला सांग, तुझं तोंड दिसतंय तोवर ये.

मी पत्र मोठ्याने वाचलं आणि लुगडी बांधायला घेतली. "सकाळच्या मोटारीन जावया," मी म्हटलं. "सावंतवाडीक बदलूची, आंबोलीवरसून आजरा."

"जरा थांब गो. कणकवलीक एक लॉरी इली आसा म्हणतत."

मग मात्र माझा ताबा सुटला. गाठोडं आपटलं मी. "लंडन बघलास, सिंगापूर बघलास, आणि बायकोक आजऱ्याक नेवक होणा नाय तुमच्यान? भयण आंधळी झाल्यार नेतलास? लाज नाय वाटणा?"

हे ओसरीवर बसले होते. मला वाटलं, आता उठून बाहेर जातील. गेले नाहीत.

"माका वाट विचारूक येणा नाय," हे म्हणाले.

मला आधी कळेचना. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. तीस वर्षांत परदेशी बंदरावर हे एकदाच उतरले होते. तरुणपणी. चार गल्ल्या गेले आणि वाट चुकले. पाट्या वाचता येईनात, बोललेलं कोणाला कळेना. संध्याकाळी पोलिसाने हाताला धरून बोटीवर आणून सोडलं आणि सगळे खलाशी पोट धरधरून हसले. "त्या दिसापासून मी खंयच उतरूक नाय. बंदर इला की बोटीरच बसान ऱ्हवायचंय." लंडन वगैरे दुसऱ्यांनी येऊन सांगितलेलं. मुंबईच्या गोदीतसुद्धा गावचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, पुढे आणि हे त्याच्या मागे. "घरच आपल्याबरोबर, वांगडा असला म्हणजे उतरूचा लागणा नाय. चुकाचा भय नाय."

दोन वर्षं हा माणूस गाडी शोधत नव्हता. कधीच उतरावं लागणार नाही अशी जागा शोधत होता, आणि मी त्याची टिंगल करत बसले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मेले ते हसणारे खलाशी!

"पाट्यो मी वाचतलंय," मी म्हटलं. "तुमी गाठोडा धरा."

सकाळी निघालो. मालवणच्या स्टँडवर पाटी मी वाचली, तिकिटं मी काढली. सावंतवाडीला गर्दीत मोटार बदलताना माझ्या पदराला ओढ लागली म्हणून वळून बघितलं, तर पदराचं टोक यांच्या मुठीत. चारचौघांत! मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. आंबोलीला धुक्यात गाडी थांबली, ड्रायव्हर टपरीवर चहाला गेला. हे बाकड्याला धरून बसलेले. मी खाली उतरले आणि हात पुढे केला. "उतरा. गाडी माझ्याशिवाय सुटणा नाय." बराच वेळ विचार करून उतरले.

बहिणीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांपाशी नेला. नाकाला नाक लागलं. "म्हातारी झालंस गो," म्हणाली, आणि आम्ही दोघी यथेच्छ रडलो. तिला मी दिसले. तेवढं पुरे होतं मला.

मग ती यांच्याकडे वळली. "भावोजी, तुमी सगळी दुनिया बघलास. माका आता काय दिसाचा नाय, तुमीच सांगा, खंय खंय काय काय बघलास."

यांनी माझ्याकडे बघितलं. लंडन म्हटलं असतं तरी मी मान डोलावणार होते.

हे सावरून बसले, घसा खाकरला. "आंबोलीक उतरलंय," हे म्हणाले. "असा धुका होता, हात दिसणा नाय. टपरीर जावन दोन च्या मी स्वता सांगितलंय."