देवकाबाईच्या पिशवीतलं काळीज

लग्नाला चौदा वर्षं झाली, पण देवकाबाईनं भासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ डोमा, तलावावरच्या मासेमारांचा म्होरक्या होता. त्याच्या शब्दाशिवाय तलावात जाळं पडत नसे. आता तोच म्हणे, "पोरीची छाती फाडू देनार नाई. वय वाढलं का भोक आपोआप बुजते."

घ्या! भोक होतं देवकाबाईच्या नऊ वर्षांच्या डिंपलच्या काळजात, जन्मापासूनचं. पाच वर्षं त्या 'आपोआप'ची वाट पाहण्यात गेली, आणि पोर शाळेच्या फाटकापर्यंत जाताना धापा टाकू लागली.

नागपूरच्या नंदिनी डॉक्टरीणबाईंनी तपासणीच्या फोटोंवरून तिचं काळीज मशीनवर छापलं, प्लास्टिकचं, हुबेहूब. मग डिंपलच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून तिला त्याच काळजाच्या आत फिरवलं. "आई वं, एका जागी भिंतच नाई!" पोर ओरडली. देवकाबाईनं प्लास्टिकच्या काळजात बोट घातलं, ते आरपार गेलं. आणखी थांबलो तर ऑपरेशनही करता येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. देवकाबाईला रडू नाही, संताप आला. स्वतःचाच. तिनं ऑपरेशनच्या कागदावर सही ठोकली आणि ते काळीज मागून गावी आणलं.

रविवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळे मासेमार बायकांसह जमले होते. नवरा धनराज भावापुढं मान घालून उभा. देवकाबाईनं पिशवीतून काळीज काढून त्यात तलावाचं पाणी ओतलं. एका खणातलं पाणी भसाभसा दुसऱ्या खणात गेलं.

"डोमाभाऊ," ती म्हणाली, आणि बायांनी तोंडाला पदर लावले. "मांगच्या पावसात पाळीले भोक पडलं, तवा आपोआप बुजते म्हनलं काय तुमी? घरटी एक मानूस बलावला, मातीची टोपली घेऊन!"

"ते साऱ्या गावाचं काम होतं, बाई."

"अन् माही पोरगी कोन्या गावची हाय? मंगळवारी ऑपरेशन हाय. रक्त लागते. घरटी एक मानूस द्या. माती नाई मांगत मी."

डोमानं काळीज हातात घेतलं. त्याचं ते दोरखंड ओढून जाडजूड झालेलं बोटही आरपार गेलं. बराच वेळ त्यानं ते बाहेर काढलंच नाही. पाळीच्या कामाची हजेरी नेहमी त्याच्याच घरापासून सुरू व्हायची.

"लिवा," तो म्हणाला. "पयलं घर माहं."

देवकाबाईनं काळीज त्याच्या हातातून काढून घेतलं. "मंग मंगळवारी नागपूरच्या जीपमंदी मांगं बसा, भाऊ," ती म्हणाली. "समोर, तुमच्या जागी, माही डिंपल बसन."