एसी चालू, काच उघडी

आमची गाडी डिझेलची, जुनी आणि कंपनीच्या अगदी खालच्या मॉडेलची. खालच्या मॉडेलची म्हणजे किती, तर वरच्या मॉडेलला जिथे बटणं असतात तिथे आमच्या गाडीला काळ्या प्लास्टिकची झाकणं होती. लहान-लहान चौकोनी झाकणं, आत काही नाही. वडिलांनी निवृत्त झाल्यावर ती घेतली. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते उस्मानाबादहून इकडे कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून आले आणि पुढची सगळी नोकरी साहेबांच्या गाड्यांची दारं उघडण्यात गेली. स्वतःच्या गाडीत एसी नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही. काचेचं हँडल फिरवत म्हणायचे, "वारा फुकट हाय, त्याला मशीन कशाला?"

ते गेले आणि त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमच्या गल्लीत टँकर आला की आधी भांडण आणि मग पाणी, असा क्रम होता. घरात प्रत्येक हंड्याचं काम ठरलेलं. भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपडे पिळलेलं फरशीला. मागच्या अंगणात तेलाच्या डब्यात पिंपळाचं रोप होतं. वडिलांच्या जलदान विधीच्या दिवशी भंतेजींच्या हातून आईने ते लावून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काड्या उरल्या. ते गेलं असं मी धरूनच चाललो होतो.

आई तेव्हा डायलिसिसवर होती. माणसाचं रक्त धुवायला इतकं पाणी लागतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लातुरात पाण्याचाच भरवसा उरला नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तिला नांदेडला न्यायचं ठरलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्या लागलेल्या, त्यामुळे ड्रायव्हर मीच. अहमदपूर, लोहा करत जायचं, आईला मशीनवर ठेवायचं आणि उन्हातून परत यायचं. येताना ती पुढच्या सीटवर मान टाकून बसायची. गाडीत कढत वारा भरायचा. वारा फुकट होता, पण घ्यावासा वाटत नव्हता.

एके दिवशी तिने जायचंच नाही म्हणून सांगितलं.

"बास झालं आता," ती म्हणाली. "मला नको नेऊस."

"उन्हाचा त्रास होतो का?"

"तसं समज."

मशीन चुकलं तर काय होतं ते आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. पुष्कळ बोललो. ती ऐकून घेत राहिली. मध्येच तिने विचारलं, "त्या मशीनला एका टायमाला किती पाणी लागतं रे?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय त्याच्याशी?" "तसं समज" एवढंच माझ्या हातात उरलं होतं. त्यावरून मी ठरवलं की गाडीला एसी बसवायचा.

कशीबशी एका खेपेला तयार केली, ती म्हणजे "एवढ्या एका बारीला" या बोलीवर. ती मशीनवर असताना मी दवाखान्याजवळच्या गॅरेजात गेलो. तिथले मेकॅनिक वयस्क, मेंदी लावलेली दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नात लुंगीवर आलोय.

"साब, बेस मॉडेल हाय. बिगर साखरेची चाय."

"फक्त एसी बसवायचाय, चाचा."

"फक्त एसी कसा बसंल? वायरिंग न्हाई, पंखा न्हाई, डॅशबोर्ड वेगळा." मग त्यांनी गॅरेजच्या मागे उभी असलेली एक गाडी दाखवली. आमच्याच गाडीची बहीण, पण टॉप मॉडेल. ट्रकने मागून चेपलेली, पुढून नवरीसारखी. "मालक सुटं देत न्हाई. घ्यायचं तर समदं घ्या."

मला फक्त माझी आई थंड हवेत नांदेडला पोचवायची होती. पण चाचांपुढे माझं काही चाललं नाही. गाडी त्यांच्याकडे ठेवून आम्ही बसने परतलो. पुढच्या खेपेपर्यंत आमच्या गाडीत टॉप मॉडेलचा डॅशबोर्ड, बटणाच्या काचा, मखमली सीटा, धुक्यातले दिवे असं सगळं येऊन बसलं. लातूरकडे धुकं! पाऊस पडायची मारामार आणि आम्ही धुक्याच्या तयारीत. काळ्या झाकणांच्या जागी खरी बटणं आली, पण त्यांचा आणि गाडीचा अजून परिचय झालेला नव्हता. डावी काच खाली घ्यायचं बटण दाबलं की पुढचा वायपर हलायचा. काच मात्र दुसऱ्यांदा दाबल्यावर, विचार करून, खाली जायची.

"सवय लागंल," चाचा म्हणाले. मला लागेल की गाडीला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या खेपेलाही आईला "येताना गार गाडीतून आणतो" म्हणून मनवून बसने नेलं होतं, आणि गाडी द्यायला चाचा स्वतः दवाखान्याच्या फाटकाशी आले होते. मी औषधं आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी आईला गाडीत बसवलं. परत आलो तर दोघांचं काहीतरी चाललेलं, आई वाकून पायाशी बघत होती. मी येताच चाचा म्हणाले, "अम्मा, मी करतो बराबर. फिकर करू नका." काय बराबर करणार, कुणाला विचारायची सोय नव्हती. आमचं बोलणं वाटेत झालंच नाही, आई डोळे मिटून होती. गार हवेत ती झोपली म्हणून मी खूश.

त्या पुढच्या खेपेला ती आपणहून तयार झाली. मला वाटलं, जिंकलो. मशीन झाल्यावर, नांदेडहून परत निघण्याआधी चाचांकडे पाच मिनिटं थांबायचं तिनेच सांगितलं. चाचांनी तिच्या पायाशी काहीतरी खुडबुड केली, आणि आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो. मी एसी लावला. गाडी छान गार झाली. तोच आई म्हणाली, "काच खाली घे."

"एसी चालूय ना."

"चालूच राहू दे. काच बी खाली घे."

मी बटण दाबलं, वायपर हलला, पुन्हा दाबलं, काच गेली. लोह्यापर्यंत आम्ही असे गेलो, एसी पूर्ण सोडलेला आणि काच उघडी. एवढा खटाटोप कशासाठी केला होता मी? काच वर घेतली की ती थोड्या वेळाने पुन्हा म्हणायची, "खाली घे." मळमळतं का, विचारलं. नाही. गार वाटतं का? नाही. रागाने एसी बंद केला, तर म्हणाली, "बंद का केलास?" माझं डोकं फिरायची वेळ आली.

घरी उतरताना तिच्या पदराआड पाण्याची बाटली दिसली. जाताना रिकामी होती, मीच सीटवरून उचलून तिला दिलेली. आता भरलेली. डॉक्टरांनी तिला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, एवढंसं. उन्हाळ्यात तिचा घसा कोरडा पडायचा आणि ती जिभेवर फक्त बर्फाचा खडा ठेवायची. चोरून पाणी प्यायला लागली की काय? पण पुढच्या तीन-चार खेपांना मशीनवर घेण्याआधी तिचं वजन केलं तर ते दर वेळी ठीक निघालं, आणि नर्सने तिचं कौतुकही केलं. पाणी प्यालं की वजन वाढतं, हे मला कळत होतं. म्हणजे ती पीत नव्हती. मग बाटली येते कुठून आणि जाते कुठे? शेवटी चाचांना विचारलं तर म्हणाले, "अम्माला विचारा. मला बोलायची मनाई हाय."

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला हात देऊन आत नेलं आणि पाणी बघायला मोरीत गेलो. परत येतो तर ती जाग्यावर नव्हती. मागचं दार उघडं. आई भिंतीला धरून अंगणात गेली होती आणि बाटलीतलं पाणी पिंपळाच्या डब्यात ओतत होती, थोडं थोडं, माती जिरवेल तसं. काड्यांच्या टोकाशी दोन तांबूस पानं फुटलेली होती.

"हे पाणी कुठलं?"

"एसीचं. नळी होती खाली रस्त्यावर सोडलेली. चाचाला म्हटलं, आत घे, बाटलीत सोड."

"मग काच कशाला उघडी?"

"बंद केली की गाडी गार होती अन् मशीन थांबते. पाणी गळत न्हाई मग."

"आई, हंड्यातलं घातलं असतं की तांब्याभर."

"हंड्यातलं घराच्या वाट्याचं हाय. शेजारच्या बाया एका घागरीसाठी एकमेकीच्या झिंज्या धरतात, अन् मी एकटी आठवड्यातून दोनदा टाकीभर पाणी संपवून येते. कोणत्या तोंडानं जगायचं, सांग?" ती रिकामी बाटली झटकत म्हणाली. "हे पाणी कुणाच्या वाट्याचं न्हाई. वाटंवर सांडून जायचं, ते आणलं. रिकाम्या हातानं तर येत न्हाई आता."

मला त्या क्षणी रडू आलं आणि रागही आला. मी तिला थंडावा द्यायला निघालो होतो, आणि तिला एवढंच हवं होतं की आपल्यामुळे थोडं तरी पाणी घरी यावं. एवढ्यासाठी ती मशीनवर जायला तयार झाली होती. इतके दिवस मला वाटत होतं की मखमली सीटांनी काम केलं.

पुढच्या खेपेला सकाळी मी किल्ली घेऊन बाहेर आलो तर ती आधीच गाडीत बसलेली, मांडीवर रिकामी बाटली. मी एसी लावला. तिने सांगायच्या आत काच खाली घ्यायला बटण दाबलं. कोरड्या काचेवर वायपर खरखर करत इकडून तिकडे गेला.

"घे, पाऊस बी आला," आई म्हणाली. "चल लवकर. मशीन चुकंल."