शेपटीची काळी कड

माझ्या मुलीच्या फायटर माशाची शेपटी फाटलीये. मोबाइलच्या उजेडात मी तिची कड न्याहाळते, आणि लहानपणीच्या पुंडलिकनगरच्या घरातला हळदीचा वास आठवतो.

तेव्हाही माझ्या बरणीतल्या फायटरची शेपटी झिजत होती. "प्लास्टिकच्या झाडाला घासली असंल," खाटेवरून बाबा म्हणाले. त्यांना शुगर होती. पायाच्या अंगठ्यावर हळद थापलेली; चप्पल लागली, म्हणायचे.

आई बरणीशी वाकली. "नुसतं लागलं असतं तर भरून आलं असतं. हे कडंनं काळं पडून वर सरकायलंय. रोग हाय हा."

मी मासाच बघत होते. आता आठवतो तो आईचं बोलणं ऐकून बाबांनी हळूच चादरीत ओढून घेतलेला पाय.

मुलीच्या माशाच्या शेपटीची कड स्वच्छ आहे, नुसतंच लागलंय. तरी मोबाइलचा उजेड माझ्याच्यानं बंद होत नाही.