मेण तापलं होतं

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतो आहे, तेही नीट कळत नाही — पण सांगतो.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा नोकर होतो. सातवीत शाळा सुटलेला, तिशीचा माणूस, घर तिकडे रत्नागिरीकडे. प्राणिशास्त्राच्या सरांनी मला ठेवून घेतलं ते एकाच गुणावर — मासळीचा कणा मी असा सोडवायचो की आतल्या मज्जारज्जूला सुरी लागत नसे. नाहीतर मला विचारत होतं कोण?

सर बाभुळगावकडून जिवंत मरळ मासे मागवायचे. मज्जारज्जूच्या मधोमध केसासारखी बारीक नळी असते, तिच्यात पाणी. त्या नळीच्या काठाला सरांना काही पेशी दिसल्या होत्या. प्रत्येकीचं टोक फुगून थेंबासारखं पाण्यात उतरलेलं. मासा वळला की आतलं पाणी हलतं, ते ह्या पेशींना कळत असेल, असं सर म्हणायचे. पातळ काप काचेवर चिकटवून मायक्रोस्कोपमधून मलाही दाखवलं. "पाह्य रे, पोरी नदीत पाय सोडून बसल्यावानी." आणि तशाच होत्या. मी पाहिल्या आहेत.

त्यावरचा लेख लिहून तयार होता. पाठवण्याआधी त्यांना अगदी निगुतीनं केलेल्या काचा हव्या होत्या. मज्जारज्जूचे तुकडे पातळ मेणात मुरवायचे, खाली स्पिरिटचा दिवा, आणि थर्मामीटरचा पारा लाल खुणेच्या वर चढू द्यायचा नाही, नाहीतर पेशी आक्रसतात — माझं काम एवढंच. बसून राहायचं. मी बसलो नाही. फाटकाशी पोस्टमन आला, घरचं कार्ड होतं. कार्डात काय होतं? काही नाही, सगळे खुशाल. तेच पुन्हा पुन्हा वाचत मी कडुनिंबाखाली उभा राहिलो. आत आलो तर मेणातून धूर निघत होता.

दिवा विझवला. खिडक्या उघडल्या. पारा खाली खुणेवर येईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घातला.

काचा झाल्या. पेशी आक्रसलेल्या, थेंब एकीलाही नाही. सर रागावले नाहीत — रागावले असते तर मी बोललो असतो का? त्यांनी एवढंच विचारलं, "मेण जास्त तापलं तं नव्हतं ना?"

"नाही सर. पारा खुणेवरच होता."

त्यांनी एक काच पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवून पाहिली. मग म्हणाले, "मंग पहिल्याच काचा खोट्या. घाईत केलत्या. त्याचेच फुगे दिसले मले."

तेव्हा तरी? तोंड उघडलं मी. पाणी आणू का, असं विचारलं.

लेख गेला नाही. मरळ येणं बंद झालं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

त्याच उन्हाळ्यात मला कायम करावं म्हणून त्यांनी पत्र लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं — ह्या माणसावर काम सोपवलं की पुन्हा पाहावं लागत नाही. मी त्यांच्या पाया पडलो. पत्र घेतलं.