लॉकवाला चाकू घेताना

आज सुट्टी होती म्हणून उल्हासनगरला जाऊन लॉकवाला फोल्डिंगचा चाकू घेतला. मी अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, दिवसभर खोक्यांच्या पट्ट्या कापतो. जुन्या चाकूला लॉकच नव्हतं. गेल्या वर्षी तो बोटावर मिटला आणि तीन टाके पडले.

दुकानात एक सिंधी काका होते. त्यांनी दोन चाकू काढले. एकात आतली पत्र्याची पट्टी पात्याला अडते, मिटवताना ती अंगठ्याने बाजूला ढकलायची. दुसऱ्याचं लॉक मुठीच्या पाठीवर, वरून दाबायचं. मी आपला दोन्ही उघडून बघत बसलो.

"खोल के तो सब देखते हैं. बंद करके देखो," काका म्हणाले.

मी पिशवीतले कामाचे हातमोजे घातले आणि मिटवून पाहिले. पहिल्यात जाड अंगठा पात्याच्या वाटेतच येत होता. दुसऱ्यात बोटं बाहेर राहिली. तोच घेतला.

घरी बेलवलीला आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काकांनी एकदाही चाकू माझ्या हातात दिला नाही. काउंटरवर ठेवला, मग मी उचलला. आईसुद्धा सुरी अशीच खाली ठेवते. हातात दिली की भांडण होतं म्हणते.

कंपनीत मात्र आम्ही घाईत उघडा चाकू हातातून हातात देतो. माझे तीन टाकेही तसाच उघडा चाकू हातात घेताना तो मिटला, तेव्हाचेच आहेत. वर्षभर मी दोष लॉक नसण्याला देतोय.

तुमच्या कामावर चाकू कसा देतात?